न उडणारे विमान



विमान हा आमचा विषय नव्हे. आमचे आयुष्य गेले ते गिरणीच्या फाटकापाशी आणि वाटाघाटींच्या टेबलापाशी. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कपाटातील पुस्तकांनी केले. म्हणून विमानाच्या सराव-यंत्राविषयी बोलायला आम्ही प्रथम नांदेडात उभे राहिलो, तेव्हा एका जुन्या सोबत्याने विचारलेच, "काय हो, आता आकाशात युनियन काढता की काय?" तसे काही नाही. आम्ही या वाटेला लागलो ते दोन बोटांमुळे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात एकोणीस वर्षांचा एक मुलगा कामाला लागला आणि तिसऱ्याच दिवशी प्रेसखाली त्याची दोन बोटे गेली. चौकशीत साहेब म्हणाले, "चुकल्याशिवाय कोणी शिकतो का?" वाक्य खरे होते, म्हणूनच ते आम्हाला झोंबले. पुरेशा शिक्षणाशिवाय अठरा वर्षांखालील कामगाराला धोक्याच्या यंत्रावर उभे करू नये, असे १९४८ च्या कारखाने कायद्याचे २३ वे कलम होते. आमचा मुलगा अठरा ओलांडलेला. त्या कलमाची सावली त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. घरी परतताना एकच प्रश्न डोक्यात राहिला: चुकल्याशिवाय शिकता येत नसेल, तर माणसाने चुकायचे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर विमानवाल्यांनी फार पूर्वी शोधले, कारण त्यांची चूक बोटांवर भागत नाही. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्या घरातील एडविन या मुलाला उडण्याचा नाद. पण शिकवणीचा खर्च भारी. त्याने कारखान्यातलेच भाते घेतले, म्हणजे आपल्या हार्मोनियमच्या भात्याचे थोरले भाऊ, आणि त्यांवर विमानासारखी एक पेटी बसविली. दांडा हलविला की भात्यांत हवा कमीजास्त होई आणि पेटी कलंडे. १९२९ पर्यंत हे यंत्र सिद्ध झाले. आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे! पुढे १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपाल वाहण्याचे काम आले, खराब हवेत अनेक वैमानिक दगावले, तेव्हा सैन्याने सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या पेटीत बसून शिकले.

घरच्या घरी असले उद्योग परदेशातच होतात असे कोणी समजू नये. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. आमची झेप तेवढी नाही. आमचे विमान युनियनच्या खोलीतून हलत नाही.

आता मूळ मुद्दा. वैमानिकाला एवढी घड्याळे कशाला लागतात? माळेगावच्या जत्रेत चक्री पाळण्यातून उतरल्यावर आपण उभे असतो, तरी जग फिरत असते. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात. शरीर वळले की तो द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळते. वळण एकसारखे चालू राहिले की द्रवही सोबत फिरू लागतो आणि वळण्याची जाणीवच नाहीशी होते. ढगात बाहेरचे काही दिसत नाही, आणि कान तर खोटी साक्ष देतो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात मापकांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांची परीक्षा घेतली. बाहेरचे दिसेनासे झाल्यावर विमान ताब्याबाहेर जायला त्यांना सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेसुद्धा नाहीत!

म्हणून लहान विमानात वैमानिकापुढे सहा गोल मापके दोन ओळींत मांडतात. वर डावीकडून वेग, कृत्रिम क्षितिज आणि उंची. खाली वळण, दिशा आणि चढउताराचा दर. यांतील उंचीचे मापक हवेच्या दाबावर चालते. आत पत्र्याची बंद डबी असते. वर जावे तसा दाब उतरतो, डबी फुगते आणि काटा पुढे सरकतो. हे मापक गोदाकाठच्या नांदेडात शून्यावर लावून त्याच हवेत लातूरच्या पठारावर आणले, तर ते जमिनीवर बसूनही सातआठशे फूट दाखवील. हवा पालटली तरी काटा हलतो. म्हणून वैमानिक त्या ठिकाणचा त्या वेळचा दाब विचारून मापक लावून घेतो.

आमच्या पेटीत खरी डबी नाही. संगणकावर 'फ्लाइटगिअर' नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम चालतो. तो वेग, उंची, दिशा यांचे आकडे सेकंदाला अनेकदा बाहेर पाठवू शकतो. ते आकडे 'आर्डुइनो' या छोट्या पाटीने घ्यायचे आणि बारीक मोटारींनी काटे फिरवायचे, एवढाच कारभार. आयटीआयची चार मुले आणि एक सुतार हाताशी होते. शाळेच्या मोडक्या बाकाचे प्लायवुड घेतले. खऱ्या मापकाचे भोक सव्वातीन इंचांहून किंचित लहान असते, तेवढी सहा भोके गोल करवतीने पाडून कानशीने साफ केली.

चुका मात्र भरपूर झाल्या. उंचीच्या काट्याला पहिल्यांदा जी मोटार लावली ती अर्धाच फेरा घेई. उंचीचा काटा तर हजार फुटांना एक पूर्ण फेरा घेतो. मोटारगाडीच्या डॅशबोर्डातील मोटार सुमारे ३१५ अंश फिरते; ती वेगाला पुरते, उंचीला आणि दिशेला नाही. त्या दोहोंना पूर्ण फिरणारी मोटार लागते. पण वीज जाऊन आली की आपण कोठे उभे आहोत हे तिला कळत नाही, झोपेतून दचकून उठलेल्या माणसासारखे. म्हणून चाकावर लहानसे लोहचुंबक चिकटवून शून्याची खूण करून द्यावी लागते. कृत्रिम क्षितिज दोन अंगांनी हलते. तेथे आम्ही हार मानून भोकामागे छोटा पडदा बसविला. सगळ्या मोटारींना पाटीतूनच वीज दिली तेव्हा काटे हिवताप भरल्यासारखे थरथरले; मग त्यांचा वीजपुरवठा वेगळा केला.

पेटीचीही तीच कथा. पहिली पेटी खिळे ठोकून पक्की केली आणि चकचकीत काळी रंगविली. चकाकीत ट्यूबलाइट दिसे, काटा दिसेना. मे महिन्यात आतली हवा तापून एक काटा अडकला आणि सारे उखडावे लागले. दुसऱ्या पेटीला रंग निस्तेज दिला, मागे जाळी आणि पंखा बसविला, आणि पुढची फळी स्क्रूवर व बिजागरीवर ठेवली. जे दुरुस्तीसाठी उघडता येत नाही, ते कामगाराच्या उपयोगाचे नाही.

पडद्यावर ढग घालून पहिले आम्हीच बसलो. चौथ्या मिनिटाला आमचे विमान जमिनीत गेले. मुले खोखो हसली, आम्हीही हसलो. मग एकदम लक्षात आले, त्या प्रेसपाशी कोणी हसले नव्हते.

या पेटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती हलत नाही, त्यामुळे कानाची फसवणूक तिच्यात अनुभवता येत नाही. आणि इथले तास वैमानिकाच्या परवान्याला चालत नाहीत, त्याला सरकारमान्य यंत्र लागते. पण सहा काटे क्रमाने वाचावेत, एकाची साक्ष दुसऱ्याकडून तपासावी आणि घाबरून दांडा ओढू नये, ही सवय येथे लागते.

हीच सवय बॉयलरवरच्या माणसाला हवी. म्हणून आम्ही त्याच पेटीसाठी दुसरी फळी करायला घेतली आहे: वाफेच्या दाबाचा काटा आणि पाण्याची काच. काचेतले पाणी दिसेनासे झाले की नवखा माणूस घाबरून पाणी सोडू जातो. ते तापलेल्या पत्र्यावर पडले तर अनर्थ. आधी आग तोडायची असते. हे खऱ्या बॉयलरवर चुकून शिकण्याची सोय नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, कामाला निघालेली मुले आहेत आणि भंगारात पडलेले पडदेही आहेत. पगार, रजा, बोनस यांच्यासाठी आम्ही पुष्कळ भांडलो. आता मागण्यांच्या यादीत आणखी एक ओळ घालावी असे वाटते: कामावर घेतलेल्या प्रत्येक मुलाला, बोटे शाबूत ठेवून चुकण्याची एक जागा द्या. ज्यांना पेटी पाहायची असेल त्यांनी संध्याकाळी युनियनच्या खोलीवर यावे. पहिल्या दिवशी विमान पडेलच. तेवढ्याने कोणी मागे हटू नये.