जॅग्वार मार्क टू : कागद, क्रमांक आणि किंमत

१९५९ च्या ऑक्टोबरात कोव्हेंट्रीच्या जॅग्वार कारखान्याने जी चार दरवाजांची मोटार बाजारात आणली आणि १९६७ पर्यंत २.४, ३.४ व ३.८ लिटर अशा तीन एंजिनांसह जिच्या ऐंशी हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, ती मार्क टू साठी उलटल्यावरही ब्रिटनमध्ये विकली-घेतली जाते आहे. आणि दर विक्रीच्या वेळी तिच्याबरोबर कागदपत्रांची एक जाडजूड फाइलही नव्या घरी जाते. तिच्यासंबंधीचे बहुतेक गैरसमज ह्या फाइलीच्या पोटीच जन्मतात, कारण त्यातील प्रत्येक कागद एका ठरावीक कारणासाठी केलेला असतो आणि खरेदीदार मात्र त्याच्याकडून भलत्याच गोष्टीची हमी मागतो.

सर्वांत महाग पडणारा समज असा की नोंदणीपत्रावर ज्याचे नाव, तोच गाडीचा मालक. स्वान्सी येथील डी. व्ही. एल. ए. हे सरकारी खाते व्ही-५-सी नावाचे जे नोंदणीपत्र देते, त्याच्यावरच हा मालकीचा पुरावा नव्हे असे स्पष्ट छापलेले असते. त्यावर नाव असते ते नोंदणीकृत धारकाचे, म्हणजे कर, दंड आणि पोलिसांची चौकशी ज्याच्या दारी यावयाची त्या इसमाचे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याने मालकाची व्याख्याच नोंदणीशी बांधलेली असल्यामुळे मराठी वाचकाला हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु सातबाऱ्याचा अनुभव घेतलेल्याला त्याचे नवल वाटू नये, कारण तलाठ्याच्या दफ्तरातील नोंद ही सारावसुलीपुरती असते आणि हक्काचा कज्जा उभा राहिला की खरेदीखतच शोधावे लागते. ब्रिटनमध्ये मोटारीच्या बाबतीत खरेदीखताचे काम विक्रीच्या पावत्या, बिले आणि पैसे दिल्याचे पुरावे करतात, आणि म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वीची एखादी पिवळी पडलेली पावती जाणता गिऱ्हाईक नोंदणीपत्राहून अधिक जपतो.

ह्याच समजाचे दुसरे टोक असे, की सद्भावनेने पैसे मोजले म्हणजे हक्क मिळालाच. भाडेखरेदीच्या कराराखाली असलेली गाडी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कर्ज देणाऱ्या कंपनीची असते. १९६४ च्या कायद्याने मात्र, त्या कराराची कल्पना नसताना सद्भावनेने गाडी घेणाऱ्या खाजगी खरेदीदाराला संरक्षण दिले आहे, जे मोटारींच्या व्यापाऱ्याला मिळत नाही. चोरीच्या गाडीला हे संरक्षण लागू नाही. ज्याला स्वतःलाच हक्क नाही तो दुसऱ्याला तो देऊ शकत नाही, हे जुने तत्त्व १९७९ च्या मालविक्री कायद्यातही कायम आहे.

नंबरप्लेट पाहून गाडी ओळखल्याचे समाधान मानणारेही पुष्कळ. ब्रिटनमध्ये नोंदणी क्रमांक एका गाडीवरून उतरवून दुसरीवर चढवता येतो आणि तो स्वतंत्रपणे विकताही येतो. १९६३ पूर्वीच्या क्रमांकांत वर्ष दर्शविणारे अक्षर नसल्याने त्यांना विशेष मागणी, आणि म्हणून कित्येक मार्क टू गाड्यांचे मूळ क्रमांक आज भलत्याच नव्या गाड्यांच्या पुढे-मागे मिरवत असतात. आणखी एक भानगड सरकारी दफ्तराची. पूर्वी ही नोंद काउंटी कौन्सिलांकडे असे. ती स्वान्सीला केंद्रित झाल्यावर, १९८३ च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत ज्या गाड्यांची नोंद नव्या दफ्तरात चढली नाही, त्यांचा जुन्या क्रमांकावरील हक्क गेला. कोठारात झाकून ठेवलेल्या अशा गाडीला, जुनी खाकी नोंदवही वा तत्सम पुरावा मान्यताप्राप्त क्लबमार्फत सादर केल्यास, क्रमांक परत मिळू शकतो, पण तो पुढे दुसऱ्या गाडीला देता येत नाही. पुरावा नसेल तर वयाला साजेसा दुसरा क्रमांक मिळतो. सबब क्रमांक बदललेला दिसला एवढ्यावरून लबाडीचा संशय घेणे जसे अन्यायाचे, तसे जुना क्रमांक दिसला म्हणून गाडी अस्सल मानणे भोळेपणाचे.

अस्सलपणाची खरी परीक्षा बॉनेट उघडल्यावर होते. तेथील पट्टीवर चासी, एंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स ह्यांचे चार क्रमांक कोरलेले असतात, आणि ते वाचता येणाऱ्याला गाडी आपण होऊन आपली हकीकत सांगते: उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत २.४ ची मालिका १००००१ पासून, ३.४ ची १५०००१ पासून आणि ३.८ ची २००००१ पासून सुरू होते. शेवटी डी-एन ही अक्षरे असतील तर गाडी ओव्हरड्राइव्हसह निघालेली, आणि बी-डब्ल्यू असतील तर ऑटोमॅटिक. ३.८ लिटरची, हातगिअरची आणि ओव्हरड्राइव्हची गाडी सर्वांत महाग जात असल्यामुळे पुष्कळ गाड्यांत मागाहून मोठे एंजिन बसवले गेले. १५ ने सुरू होणाऱ्या चासीत ३.८ चे एंजिन आढळले तर त्यात बेकायदेशीर काही नाही, कदाचित गाडी पळतेही झकास. मात्र तिला ३.८ ची किंमत देणे हा निव्वळ अव्यवहार. कारखान्यातून गाडी कोणत्या रूपात निघाली ह्याचा दाखला जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट मूळ खतावण्यांवरून देतो: बांधणीची व रवानगीची तारीख, रंग, एंजिनचा क्रमांक, ज्या विक्रेत्याकडे ती गेली त्याचे नाव. तो दाखला जन्माचा आहे, प्रकृतीचा नव्हे. खालच्या पत्र्याला गंज किती चढला आहे, हे त्यात कोठून असणार?

नोंदणीपत्रावरील माजी धारकांचा आकडाही असाच फसवा. जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो बहुधा संगणकीकरणानंतरच्या धारकांचा असतो, त्यामुळे दोन हातांची म्हणून विकली जाणारी गाडी सहा हातांतून गेलेली असू शकते. मैलांच्या मीटरवर तर पाचच आकडे, म्हणजे ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. बेचाळीस हजार मैल हे एक लाख बेचाळीस हजारही असू शकतील. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही हे पाहणाऱ्या, १९६० पासून सुरू झालेल्या एम. ओ. टी. तपासणीची मैलांची नोंद असलेली जुनी प्रमाणपत्रे तारीखवार लावली तर ही शंका फिटते, पण २०१८ च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांवरील, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना ह्या तपासणीतून सूट असल्यामुळे तो माग अनेकदा तेथेच थांबतो.

राहता राहिली किंमत. दूरदर्शन-मालिकेत इन्स्पेक्टर मोर्सच्या भूमिकेत जॉन थॉ जी चालवीत असे, ती १९६० ची, २४८ आर-पी-ए ह्या सरे परगण्याच्या क्रमांकाची मार्क टू, एंजिनच्या मानाने सर्वांत सामान्य म्हणजे २.४ लिटरची होती, जिला ताशी शंभर मैलही धड गाठता येत नसत. २००२ साली लिलावात तिला सुमारे ५३ हजार पौंड आले आणि २००५ साली ती १ लाखाहून अधिक पौंडांना गेली, यावरून तीन वर्षांत पैसा दुप्पट झाल्याचा हिशेब सर्रास मांडला जातो. त्या हिशेबात एवढेच राहून जाते, की दरम्यानच्या काळात ती गाडी नटबोल्टपर्यंत सुटी करून पुन्हा बांधली गेली होती, आणि अशा बांधणीचे बिल किती येते हे मार्क टू बाळगणाऱ्या कोणत्याही माणसाला त्याच्या पत्नीसमक्ष विचारू नये.