रायफलीवरील खुणा कशा वाचाव्यात?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावात देवीच्या यात्रेचा बंदोबस्त असो की निवडणुकीचे मतदान केंद्र, लाकडी दस्त्याची लांब रायफल घेऊन उभा असलेला पोलीस शिपाई जुन्या पिढीतील बहुतेकांच्या पाहण्यातला आहे. एन.सी.सी.मध्ये गेलेल्या अनेकांनी तीच रायफल कवायतीसाठी हाताळलेली असते. ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने ओळखली जाणारी ही रायफल मुळात लष्कराची. लष्कराला नवी शस्त्रे मिळाली की जुनी शस्त्रे पोलीस, होमगार्ड आणि एन.सी.सी. यांच्याकडे येत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हाही तेथील काही पोलिसांच्या हातात याच जातीच्या रायफली होत्या.

अशी रायफल जवळून पाहिली तर तिच्या पोलादावर आणि लाकडावर मुकुट, बाण, अक्षरे, आकडे असे अनेक ठसे दिसतात. त्यांवरून तिचा इतिहास समजतो. मात्र हे वाचन करताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागते. प्रत्येक ठसा फक्त ज्या भागावर तो आहे त्या भागाविषयी आणि तो ज्या वेळी मारला गेला त्या वेळेविषयी साक्ष देतो. संपूर्ण रायफलीविषयी नव्हे.

नाव आणि जन्मस्थान

लाकडी दस्ता ज्या पोलादी कड्यात बसवलेला असतो, त्या कड्याच्या उजव्या बाजूला मुख्य ठसा असतो. सर्वांत वर मुकुट व त्याखाली राजाची अक्षरे असतात. व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, अर्थात १९०१ पर्यंतचा काळ. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी.आर. म्हणजे जॉर्ज. येथे जरा जपून वाचावे लागते, कारण पाचवा जॉर्ज (१९१० ते १९३६) आणि सहावा जॉर्ज (१९३६ ते १९५२) या दोघांचीही अक्षरे तीच. त्यामुळे खालचे साल पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

त्याखाली कारखान्याचे नाव येते. ‘एनफील्ड’ हा लंडनजवळचा सरकारी कारखाना. रायफलीच्या ‘ली-एनफील्ड’ या नावातील दुसरा शब्द येथूनच आला. पहिला शब्द जेम्स पॅरिस ली या संशोधकाचा. भारतात ही रायफल बंगालमधील इच्छापूर येथे तयार होई. तेथील रायफलींवर ‘जी.आर.आय.’ अशी तीन अक्षरे आढळतात. शेवटचे अक्षर ‘सम्राट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे आहे. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभावरील सिंह आले आणि कारखान्याच्या नावाऐवजी ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरे आली. राज्यव्यवस्था बदलल्याची नोंद अशी पोलादावरही झालेली आहे.

यानंतर नमुन्याचा क्रमांक येतो. १९०७ साली स्वीकारलेल्या नमुन्याला रोमन तीन हा आकडा होता. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी त्यातील काही भाग वगळले गेले आणि आकड्यापुढे चांदणी आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर इच्छापूरने तशीच दिसणारी पण ७.६२ मिलिमीटरची ‘२ए’ आणि पुढे ‘२ए१’ ही रायफल बनवली.

.३०३ इंच म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे वाटतात. पण दोन्ही काडतुसांची लांबी आणि बुंध्याचा आकार वेगळा आहे. ७.६२ च्या काडतुसात दाबही अधिक निर्माण होतो, म्हणून त्या रायफलीसाठी अधिक मजबूत पोलाद वापरावे लागले. बाह्यरूपावरून फसू नये म्हणून ठसा वाचणे आवश्यक ठरते.

एका रायफलीत अनेक रायफली

समजा, एका रायफलीच्या कड्यावर ‘इच्छापूर १९१८’ असे आहे, नळीवर ‘४२’ आहे आणि बोल्टच्या दांडीवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळत नाही. ही रायफल कोणत्या सालची? कडे १९१८ चे, नळी १९४२ ची आणि बोल्ट तिसऱ्याच रायफलीचा, एवढेच खात्रीने सांगता येते. गोळीच्या घर्षणाने आणि तप्त वायूंनी नळी झिजते, तेव्हा ती बदलतात. कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाल्यास ‘एफ.टी.आर.’ अशी अक्षरे मारण्याची पद्धत होती. म्हणजे ‘ही रायफल पहिल्या महायुद्धात लढली’ असे नुसत्या १९१८ या आकड्यावरून म्हणता येणार नाही.

क्रमांक न जुळण्याला सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. काडतुसाचा बुंधा आणि बोल्टचे तोंड यांच्यातील अंतर अगदी मोजके असावे लागते. त्यासाठी प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवून बसवलेला असे. परका बोल्ट बसवून हे अंतर वाढले, तर काडतुसाचे पितळ फाटून तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येऊ शकतो.

काडतुसांवरही खुणा असतात. पुणे जिल्ह्यातच खडकी येथे १८६९ साली दारूगोळा कारखाना स्थापन झाला. तेथील काडतुसांच्या बुंध्यावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे आणि साल असते. अर्थात काडतुसाचे साल हे रायफलीचे साल नव्हे.

मालकीच्या आणि इशाऱ्याच्या खुणा

तीन रेघांचा रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण होय. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर ती वस्तू सरकारी सेवेतून विकून टाकली असा अर्थ होतो. मालकीची खूण मारण्याची ही पद्धत रायफलीपेक्षा जुनी आहे. शिरूर, म्हणजेच घोडनदी, येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी होती. त्या काळातील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी चार भाग पाडलेल्या हृदयाच्या आकाराची खूण असे. पुढे तिच्या जागी मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला.

शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अक्षरे ‘डी.पी.’ ही होत. त्यांचा अर्थ ‘केवळ कवायतीसाठी’. अशा रायफलीचा एखादा भाग झिजलेला किंवा मुद्दाम निकामी केलेला असतो. तिच्यातून गोळी झाडणे जिवावर बेतू शकते.

घासून टाकलेला क्रमांक

चोरलेल्या शस्त्रावरील क्रमांक कानशीने घासून काढलेला आढळतो. तरीही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो पुष्कळदा वाचता येतो. हे कसे शक्य होते?

पोलाद हे असंख्य सूक्ष्म स्फटिकांचे बनलेले असते. ठसा मारताना आकड्याची खाच तर पडतेच, पण खाचेच्या तळाखालचे स्फटिकही दाबले जाऊन विस्कटतात. खाच घासून सपाट केली तरी हा विस्कटलेला थर काही खोलीपर्यंत शिल्लक राहतो. त्यात अधिक ऊर्जा साठलेली असल्याने आम्लाची त्याच्यावरील क्रिया शेजारच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने होते. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण बोळ्याने फिरवत राहिल्यास नाहीसा झालेला आकडा हळूहळू उमटू लागतो. तो थोड्या वेळात पुसटही होतो, म्हणून लगेच छायाचित्र घ्यावे लागते. विस्कटलेला सगळा थरच घासून गेला असेल, तर मात्र आकडा परत मिळत नाही.

कायद्यानेही या क्रमांकाला महत्त्व दिले आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार खूण खोडलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ती खोडली असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. म्हणून वाड्याच्या माळ्यावर किंवा विहिरीच्या गाळात जुने शस्त्र सापडल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. ते पॉलिश पेपरने घासून चकचकीत करण्याचा मोह तर टाळावाच, कारण त्यात पुरावा आणि इतिहास दोन्ही जातात.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हे तत्त्व समजावण्यासाठी शस्त्राची किंवा आम्लाची गरज नाही. मऊ लाकडाची एक फळी घ्या. बोथट टोकाच्या खिळ्याने, तंतू न तोडता, जोर देऊन तिच्यावर एक आकडा दाबून उमटवा. मग खाच दिसेनाशी होईपर्यंत पॉलिश पेपरने फळी घासा आणि तिच्यावर गरम पाणी लावा. दबलेले तंतू पाणी शोषून फुगतात आणि आकडा उठून दिसू लागतो. पोलादात फुगण्याची क्रिया होत नाही, तेथे फरक रासायनिक क्रियेच्या वेगाचा असतो, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. दोन्हींत समान बाब अशी की दाबाचा परिणाम खाचेपेक्षा खोल गेलेला असतो.

याच धर्तीवर विद्यार्थ्यांना घरातील शिलाई यंत्र, तराजूची वजने किंवा तांब्या-पितळेची भांडी यांवरील ठसे उतरवून आणायला सांगता येईल. कोणता ठसा कोणत्या भागाविषयी बोलतो आणि त्यावरून काय म्हणता येत नाही, हे दोन रकाने त्यांनी वहीत वेगळे मांडावेत. दुसरा रकाना भरताना विद्यार्थी अधिक विचार करतील.