क्षणदीप्तीचे कारागीर

एखाद्या उत्तम छायाचित्राची प्रशंसा करताना आपण छायाचित्रकाराचे नाव घेतो, जाणकार असलो तर कॅमेऱ्याची आणि भिंगाचीही चौकशी करतो. परंतु ज्या प्रकाशामुळे त्या चेहऱ्याला उठाव आला, पैठणीच्या जरीचा धागा न् धागा निराळा दिसला किंवा दागिन्यातील हिऱ्याचे तेज कागदावर उतरले, तो प्रकाश देणारे यंत्र कोणते, आणि ते बंद पडले असता पुन्हा चालते कोणी केले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. मुंबईच्या कोटभागातील बोरा बाजार, दिल्लीच्या चांदणी चौकातील छायाचित्र-साहित्याच्या गल्ल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील एकखणी दुकाने येथे बसून हे काम करणारे जे कारागीर आहेत, त्यांच्या हुन्नराचा परिचय करून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे; आणि तो हुन्नर यंत्राच्या अंतरंगाशी इतका निगडित आहे की, प्रथम त्या यंत्राची ओळख करून घेतल्याशिवाय कारागिराची थोरवी ध्यानात यावयाची नाही.

क्षणिक प्रकाशात चित्र टिपण्याचा प्रयत्न जुना आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वेगाने फिरणाऱ्या चकतीवर छापील कागद चिकटवून, लायडन जारमध्ये साठवलेल्या विजेच्या ठिणगीच्या उजेडात त्याचे छायाचित्र घेतले. पुढे १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमयुक्त भुकटी सिद्ध केली, तिने उजेड भरपूर दिला, पण धूर आणि भडक्याची धास्तीही सोबत आणली. १९२९ च्या सुमारास काचेच्या फुग्यात बंदिस्त केलेला, एकदाच पेटून निकामी होणारा फ्लॅशबल्ब आला. परंतु आजच्या स्टुडिओतील दिव्याचे जनकत्व द्यावयाचे तर ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनाच द्यावे लागेल. विद्युत्‌मोटरीच्या फिरण्याचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी १९३१ मध्ये विजेने पुन्हापुन्हा लखलखणारा दिवा तयार केला, आणि यंत्रशाळेतील गरजेतून जन्मलेल्या त्या दिव्याने अखेर छायाचित्रकाराचे दालन उजळले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या ब्रॉनकलर आणि एलिनक्रोम, स्वीडनच्या प्रोफोटो, इंग्लंडच्या बोवेन्स आदी कारखान्यांनी या दिव्याला व्यावसायिक रूप दिले, आणि अलीकडच्या काळात शेन्झेनच्या गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांनी तो लहान गावातील छायाचित्रकाराच्याही आवाक्यात आणून ठेवला.

या दिव्याची रचना पाहू जाता साधी आहे, आणि तिची जोखीम त्या साधेपणातच दडलेली आहे. घरातील वीज आत घेऊन, तिचे एकदिश विजेत रूपांतर करून ती मोठमोठ्या कंडेन्सरांत सावकाश भरावयाची, आणि कॅमेऱ्याची कळ दाबताच तो सगळा साठा झेनॉन वायूने भरलेल्या काचेच्या नळीतून एकदम मोकळा करावयाचा, हे त्याचे सूत्र होय. झेनॉन वायू एरवी विजेला वाट देत नाही; म्हणून नळीभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेला एक छोटे ट्रान्सफॉर्मर काही हजार व्होल्टचा झटका देते, त्या झटक्याने वायू विद्युत्‌वाहक बनतो, आणि थोपवून धरलेली ऊर्जा सूर्यप्रकाशासारख्या शुभ्र दीप्तीच्या रूपाने बाहेर पडते. चारशे ज्यूलचा मध्यम प्रतीचा दिवा घेतला, तर त्यातील ऊर्जा शंभर वॅटचा बल्ब चार सेकंदांत खर्च करतो तेवढीच असते. परंतु तीच ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागात मोकळी झाली म्हणजे तेवढ्या अवधीपुरते तिचे बळ चार लाख वॅटवर जाते. छायाचित्रकाराला हवे असते ते हे बळ, आणि कारागिराला भय असते तेही याचेच.

दिवा दुरुस्तीला आला म्हणजे अनुभवी कारागीर लगेच पेचकस उचलीत नाही. तो प्रथम तक्रार सविस्तर ऐकून घेतो, कारण बिघाडाचे स्थान पुष्कळदा तक्रारीच्या तपशिलातच सापडते. दिवा भरल्याची खूण देणारा लहान बल्ब लागतच नसेल, तर दोष फ्यूज, रेक्टिफायर किंवा भरणाऱ्या सर्किटात असावा. खूण मिळते, कळ दाबल्यावर आतून ‘टक्’ असा बारीक आवाजही येतो, पण प्रकाश पडत नसेल, तर झटका देणारे सर्किट शाबूत असून नळीच निकामी झाली असावी. आणि आवाजच येत नसेल, तर नळीला झटका देणारी ट्रिगर-कॉइल किंवा तिला चालना देणारा एससीआर हा अर्धवाहक भाग तपासावा लागेल. नळीची दोन्ही टोके काळवंडलेली दिसली म्हणजे ती बरीच वापरली गेली आहे आणि इलेक्ट्रोडचा धातू उडून काचेवर बसला आहे, असे समजावे. छायाप्रकाश आधी अजमावण्यासाठी दिव्यात सतत जळणारा मॉडेलिंग लाइट वारंवार जात असेल, तर बसवताना हॅलोजन बल्बला बोटांचा तेलकटपणा लागला काय, याचीही विचारणा होते, कारण तापलेल्या काचेला तेवढा डागही पुरतो. अशा रीतीने अर्धे निदान कानाने आणि डोळ्याने झाल्यावरच पेटी उघडली जाते.

पेटी उघडल्यानंतरचा विधी मात्र कडक शिस्तीचा आहे, आणि त्यात सवलत घेण्याची मुभा कोणालाही नाही. प्लग काढून ठेवला तरी कंडेन्सरातील वीज जात नाही. ती पुष्कळ वेळ आत दबा धरून राहते, आणि एकदा रिकामा केलेला कंडेन्सरही थोड्या वेळाने आपोआप काही व्होल्ट परत धरतो. जुन्या पद्धतीच्या डिफिब्रिलेटर यंत्रांतून रुग्णाच्या हृदयाला दिल्या जाणाऱ्या धक्क्याची कमाल ऊर्जा ३६० ज्यूल असते, हे लक्षात घेतले म्हणजे चारशे ज्यूलच्या दिव्यात निष्काळजीपणे बोट घालणाऱ्याची गत काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून जाणता कारागीर योग्य रोधकाच्या द्वारे तो साठा सावकाश उतरवतो, मल्टिमीटरने खात्री करून घेतो, टोके जोडून ठेवतो, आणि काम करताना शक्य तो एक हात पाठीमागे ठेवतो, जेणेकरून विजेला छातीतून जाण्याचा मार्ग मिळू नये. पेचकसाने टोके जोडून ठिणगी उडवणारे धाडसी लोक बाजारात दिसतात, परंतु त्या धाडसात कसब नाही; त्याने कंडेन्सरही दुखावतो आणि माणूसही. ज्याला या विधीचे शिक्षण मिळालेले नाही, त्याने असा दिवा घरी उघडण्याच्या फंदात पडू नये, हे येथे आवर्जून नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

या दिव्यांच्या व्याधींत कंडेन्सरची व्याधी सर्वांत बोधप्रद आहे, आणि आपल्याकडील लग्नसराईच्या चक्राशी तिचा विलक्षण संबंध आहे. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा जो अतिसूक्ष्म थर असतो, त्याच्या भरवशावर हा कंडेन्सर साडेतीनशे व्होल्टचा दाब सोसतो. नियमित वापर असेल तर दिव्यातून वाहणारी वीज त्या थराची डागडुजी स्वतःच करीत राहते, पण दिवा दीर्घकाळ बंद राहिला की थर क्षीण होऊ लागतो. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला म्हणजे मुहूर्त थांबतात, लग्नसमारंभात छत्रीच्या आडून उजेड टाकणारे दिवे पेट्यांत बंद होतात, आणि बाहेर पावसाची दमट हवा, कोकणपट्टीत तर खारे वारेही, पितळी टोके कळकवीत आणि सर्किटवर ओल चढवीत राहतात. तुळशीचे लग्न झाले, मुहूर्त निघाले, आणि चार महिने निजलेला दिवा एकदम पूर्ण दाबावर चालू केला की क्षीण झालेला थर दगा देतो. कधी फ्यूज उडतो, कधी कंडेन्सर फुगतो, कधी फुटतोही. अशा दिव्यावर कारागिराचा उपाय मोठ्या सबुरीचा असतो. दाब कमीअधिक करता येणाऱ्या डिमरस्टॅटवरून अल्प दाबाने आरंभ करून तो दाब टप्प्याटप्प्याने, तासन्‌तास वाढवीत नेला म्हणजे ऑक्साइडचा थर पुन्हा बांधला जातो, आणि टाकाऊ ठरवलेला कंडेन्सर पुष्कळदा कामाला येतो. ज्याच्या अंतरंगाविषयी शंका आहे असा दिवा सिरीजमध्ये बल्ब लावल्याशिवाय थेट मुख्य विजेवर जोडावयाचा नाही, हाही त्याचा दंडकच आहे. आत कोठे शॉर्ट असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते.

परदेशस्थ आप्ताने प्रेमाने पाठवलेल्या दिव्याची हकीकत याहून निराळी असते. अमेरिकेतील वीज एकशेवीस व्होल्टची असल्यामुळे तेथील पुष्कळ दिव्यांत दाब दुप्पट करणारे सर्किट असते. तोच दिवा ट्रान्सफॉर्मर न लावता आपल्या दोनशेतीस व्होल्टच्या प्लगात खोचला, तर कंडेन्सरावर साडेतीनशेच्या जागी साडेसहाशे व्होल्टच्या आसपास दाब येतो, आणि एका क्षणात संपूर्ण पेटीचा निकाल लागतो. अशा वेळी कारागीर उरलेले सुटे भाग जपून काढून ठेवतो, कारण त्याच्या लेखी मेलेला दिवा म्हणजे सुट्या भागांची पेढीच असते.

सुट्या भागांचा हा प्रश्न या व्यवसायाचा गाभा आहे. फ्लॅशचा कंडेन्सर वरून साध्या कंडेन्सरासारखा दिसला, तरी तो एका क्षणात संपूर्ण साठा सोडण्यासाठी मुद्दाम घडवलेला असतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा, त्याच क्षमतेचा सामान्य जिन्नस त्याच्या जागी बसवला तर तो तापून अल्पावधीत निकामी होतो. नळी तर त्या त्या दिव्याचीच लागते; तिची लांबी, काचेची जात, टोकांची जोडणी, सगळेच निराळे. ज्या बोवेन्स कंपनीचा आरंभ १९२३ साली कॅमेरे दुरुस्त करणारी पेढी म्हणून झाला, ती २०१७ मध्ये बंद झाली, आणि तिचे दिवे जगभर चालू स्थितीत असताना त्यांचे कारखानी भाग मिळण्याची वाट खुंटली; दिव्याच्या तोंडावर सॉफ्टबॉक्स अडकवण्याची तिची जोडणी मात्र इतर कंपन्यांनी उचलल्यामुळे आजही प्रमाण म्हणून टिकून आहे. शिवाय कारखानदार सर्किटचे नकाशे बहुधा हाती देत नाहीत. अशा परिस्थितीत कारागिराने वर्षानुवर्षे पेट्या उघडून, तारा मोजून, वहीत स्वहस्ते काढलेल्या आकृत्या हाच या दिव्यांचा आपल्याकडील खरा दस्तऐवज ठरतो. त्या वहीचा मालक गेला आणि शिष्य नसला, तर ते ज्ञान कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

काम पूर्ण झाल्याचा निर्वाळा देण्याची त्याची पद्धतही लक्षणीय आहे. दिवा एकदा लखलखला म्हणजे दुरुस्त झाला, असे तो मानीत नाही. फ्लॅशमीटर समोर ठेवून पूर्ण शक्तीवर आणि अल्प शक्तीवर तो अनेक वार मारतो, प्रत्येक वाराची तीव्रता सारखी येते की नाही हे पाहतो, भरण्यास लागणारा अवधी मोजतो आणि पंखा फिरतो याची खात्री करतो, कारण कपड्यांची किंवा दागिन्यांची शंभर चित्रे घेणाऱ्या छायाचित्रकाराला एकही वार कमीअधिक झालेला परवडत नाही. जुन्या दिव्यांच्या, कॅमेऱ्याला तारेने जोडावयाच्या सिंक-टोकावर कधीकधी दोनशे व्होल्टहून अधिक दाब आढळतो. तो नव्या डिजिटल कॅमेऱ्याला अपाय करू शकतो, म्हणून अशा दिव्याला बिनतारी ट्रिगरच लावावा, ही सूचना गिऱ्हाइकाने न विचारता तो देतो. या सूचनेचे दाम तो घेत नाही, परंतु कित्येक कॅमेरे तिच्यामुळे वाचले असतील.

काळ बदलला आहे, हे कारागीरही जाणतात. नव्या दिव्यांत आयजीबीटी नावाचा अर्धवाहक भाग नळीतील प्रवाह हवा तेथे तोडतो आणि सेकंदाच्या कित्येक हजाराव्या भागाइतका आखूड प्रकाश देतो. हा भाग जळून शॉर्ट झाला की दिवा नियंत्रण सोडून प्रत्येक वेळी पूर्ण शक्तीनेच पेटू लागतो. त्याच्या जोडीला बारीक चिपांनी भरलेले फलक, सीलबंद लिथियम बॅटऱ्या आणि अखंड जळणारे एलईडी दिवे आले, आणि ‘संपूर्ण फलक बदला’ या एका वाक्यात दुरुस्तीचे शास्त्र संपवण्याकडे कारखानदारांचा कल वाढला. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिने शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, गृहोपयोगी वस्तू आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रे प्रथम हाती घेतली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु व्यावसायिक प्रकाशयंत्रांचा त्या यादीत समावेश नाही, आणि तो व्हावा अशी मागणी छायाचित्रकारांच्या संघटनांनी करावयास हवी.

ज्या देशात हे दिवे मुख्यतः बाहेरून येतात, त्या देशात यंत्राचे मर्म कारखान्यात शिकावयास मिळत नाही. ते दुरुस्तीच्या बाकावरच शिकावे लागते, आणि म्हणून तो बाक ही एक विद्याशाळा आहे, असे माझे निश्चित मत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या कारागिरांना पाहुणे शिक्षक म्हणून बोलवावे, त्यांच्या वह्यांतील आकृत्या त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावाने जतन कराव्यात. छायाचित्रकारांकडे मागणे याहून सोपे आहे. वापर नसला तरी महिन्यातून एकदा दिवा चालू करून अल्प शक्तीपासून पूर्ण शक्तीपर्यंत काही वार मारावेत. पावसाळ्यात तो कोरड्या जागी ठेवावा. तो बिघडल्यास भंगारात टाकण्यापूर्वी एकदा जाणत्या कारागिराला दाखवावा. त्याचा मेहनताना घासाघीस न करता द्यावा. आणि हे काम शिकू इच्छिणारा एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी आढळल्यास त्यांना त्या कारागिराकडे अवश्य धाडावे.