ब्रुक हाउस : मुदत नसलेली कोठडी

ब्रुक हाउस ही ब्रिटिश गृहखात्याची स्थानबद्धतेची इमारत लंडनच्या दक्षिणेला गॅटविक विमानतळाला लागून आहे. मुख्य धावपट्टी तिथून जेमतेम दोनशे मीटरवर. ती मार्च २००९ मध्ये सुरू झाली. ज्यांच्या व्हिसाची मुदत उलटली, ज्यांचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला किंवा तुरुंगातली शिक्षा संपल्यावर ज्यांना हद्दपार करायचे आहे, अशा परदेशी पुरुषांना विमानात बसवेपर्यंत इथे ठेवतात. कायद्याच्या दृष्टीने हा तुरुंग नाही आणि इथला कोणीही शिक्षा भोगायला आलेला नसतो. इमारत मात्र कडक बंदोबस्ताच्या तुरुंगाचे निकष लावूनच बांधली आहे. खिडक्या उघडत नाहीत. शौचालय खोलीतच, त्याला आडोसा फक्त पडद्याचा. रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत खोल्यांना बाहेरून कुलूप.

आराखडा करताना माणूस इथे फार तर ७२ तास राहील, असे धरले होते. प्रत्यक्षात लोक आठवडे, महिने, काही जण वर्षभरही राहिले. तीन दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या इमारतीत ना पुरेसे मोकळे अंगण होते, ना दिवस घालवण्याजोगे काम. २०१७ मध्ये तर दोघांच्या साठ खोल्यांत तिसरा पलंग घालून एकूण जागा ४४८ वरून ५०८ पर्यंत नेल्या गेल्या. शंभराहून अधिक माणसांच्या एकेका विभागावर अनेकदा दोनच कर्मचारी असत.

कोणाला इथे आणायचे हे न्यायाधीश ठरवत नाही. १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टने तो अधिकार गृहखात्याच्या अधिकाऱ्यांना दिला आहे. चोरीच्या आरोपीला अटकेनंतर लगेच न्यायालयापुढे उभे करावे लागते, तसे बंधन इथे नाही. जामिनाचा अर्ज स्थानबद्धाने स्वतः करायचा असतो. त्याने तो केला नाही, तरी चार महिन्यांनी प्रकरण आपोआप न्यायाधिकरणापुढे जावे, एवढी तरतूद २०१६ च्या कायद्याने केली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे किती दिवस ठेवायचे याला कायद्यात मर्यादाच नाही. फ्रान्समध्ये ती ९० दिवसांची आहे. युरोपीय संघाच्या निर्देशाने सदस्य देशांना कमाल अठरा महिन्यांची अट घातली, पण ब्रिटन संघात होते तेव्हाही त्या निर्देशात सामील झाले नव्हते. गरोदर स्त्रियांसाठी २०१६ पासून ७२ तासांची मर्यादा आहे, गरज पडल्यास मंत्र्याच्या मंजुरीने ती आठवडाभर वाढते. बाकी प्रौढांना तारीख मिळत नाही. तुरुंगातला कैदी सुटकेचे दिवस मोजू शकतो, इथला माणूस फक्त झालेले दिवस मोजतो. आत राहिलेल्यांच्या साक्षींमध्ये हे दुःख मारहाणीच्याही आधी येते.

मर्यादेच्या जागी ब्रिटिश न्यायालयांनी एक कसोटी घडवली, आणि ती एका भारतीयाच्या खटल्यातून आली. हरदियाल सिंग १९७७ मध्ये रीतसर इंग्लंडला गेले होते. घरफोडीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि हद्दपारीचा हुकूम निघाला. शिक्षेची मुदत संपली तरी त्यांना डरहॅमच्या तुरुंगातच ठेवले गेले, कारण पासपोर्ट नव्हता आणि प्रवासाची कागदपत्रे मिळवण्याचे काम रेंगाळले होते. डिसेंबर १९८३ मध्ये न्यायमूर्ती वूल्फ यांनी ठरवून दिले की हद्दपारीसाठी दिलेला अधिकार हद्दपारीसाठीच वापरता येईल, तोही वाजवी काळापुरता. त्या काळात माणसाला परत पाठवणे शक्य दिसत नसेल तर त्याला सोडावे लागेल, आणि सरकारने हालचाल तत्परतेने केली पाहिजे. पुढची चाळीस वर्षे इंग्लंडमधले स्थानबद्ध 'हरदियाल सिंग तत्त्वां'च्या आधारे न्यायालयात गेले आणि अनेक जण सुटले. बेकायदा डांबल्याबद्दल गृहखात्याला दरवर्षी काही दशलक्ष पौंड भरपाईपोटी मोजावे लागतात. पण 'वाजवी काळ' किती हे माणूस आत जाऊन बराच काळ लोटल्यावरच ठरते, आणि ज्याला वकील मिळाला त्याच्याच बाबतीत ठरते.

आतल्या कारभाराला नियम आहेत, आणि वाचताना ते नेमके वाटतात. २००१ च्या स्थानबद्धता केंद्र नियमावलीतला ३५ वा नियम डॉक्टरवर जबाबदारी टाकतो. डांबून ठेवल्याने कोणाची प्रकृती ढासळण्याची शक्यता असेल, कोणाच्या मनात आत्महत्येचा विचार असल्याचा संशय असेल किंवा कोणी पूर्वी छळ सोसलेला असावा असे वाटत असेल, तर डॉक्टरने तसा अहवाल द्यायचा आणि गृहखात्याने त्या माणसाला ठेवायचे की सोडायचे याचा पुन्हा विचार करायचा. ४० वा नियम एखाद्याला इतरांपासून वेगळे काढण्याचा आहे, ४२ वा हिंसक झालेल्याला तात्पुरते खास कोठडीत ठेवण्याचा. ४१ वा सांगतो की बळाचा वापर अनावश्यक करू नये आणि गरजेपेक्षा जास्त करू नये. देखरेखीसाठी तुरुंगांची तपासणी करणारे शाही निरीक्षणालय आहे, स्थानिक स्वयंसेवकांचे स्वतंत्र देखरेख मंडळ आहे, तक्रारींसाठी लोकपाल आहे.

इमारत चालवण्याचे काम सुरुवातीपासून जीफोरएस या खासगी सुरक्षा कंपनीकडे होते. ऑक्टोबर २०१० मध्ये हीथ्रो विमानतळावर अंगोलाला पाठवल्या जाणाऱ्या एका माणसाचा याच कंपनीच्या तीन रक्षकांनी आसनावर दाबून धरल्यानंतर विमानातच मृत्यू झाला. आपला श्वास कोंडतोय असे तो ओरडत असल्याचे सहप्रवाशांनी ऐकले होते. २०१३ मध्ये मृत्यूच्या चौकशीतल्या ज्यूरीने ही बेकायदा हत्या असल्याचा निष्कर्ष दिला. डिसेंबर २०१४ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या खटल्यातून तिघेही रक्षक निर्दोष सुटले. त्यानंतर माजी तुरुंग लोकपाल स्टीफन शॉ यांनी सरकारसाठी केलेल्या स्थानबद्धतेच्या पाहणीचा अहवाल जानेवारी २०१६ मध्ये आला, त्यात ६४ शिफारशी होत्या. दुर्बल आणि आजारी माणसांना डांबू नये, हा त्यांचा गाभा. त्यातून 'जोखमीत असलेले प्रौढ' नावाचे धोरण आले. त्याच वर्षाच्या अखेरीस निरीक्षणालयाने ब्रुक हाउसची तपासणी केली आणि एकूण स्थिती बऱ्यापैकी चांगली असल्याचा शेरा दिला. तो अहवाल मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

एप्रिल २०१७ पासून आत एक छुपा कॅमेरा फिरू लागला. अठराव्या वर्षी तिथे नोकरीला लागलेल्या एका कर्मचाऱ्याने दोन वर्षांत जे पाहिले ते त्याने बीबीसीला सांगितले होते, आणि आता तो अंगावर कॅमेरा लावून कामावर जात होता. ४ सप्टेंबर २०१७ रोजी 'पॅनोरमा' कार्यक्रमात ते चित्रण दाखवले गेले. मानसिक दृष्ट्या पार खचलेल्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या एका माणसाचा गळा कर्मचाऱ्याने दोन्ही हातांनी दाबलेला त्यात दिसतो. शिवीगाळ, वंशद्वेषी टोमणे, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांची टिंगल आणि 'स्पाइस' नावाच्या कृत्रिम मादक पदार्थाने बेशुद्ध पडलेली माणसे दिसतात. गळा दाबला गेला तेव्हा हजर असलेल्या इतरांपैकी कोणीही तक्रार नोंदवली नव्हती. निरीक्षक, मंडळ, लोकपाल, गृहखात्याचे आवारातच बसणारे अधिकारी, इतक्या नजरा असताना ही गोष्ट बाहेर आणली ती एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने, स्वतःला धोक्यात घालून. देखरेखीच्या त्या सगळ्या व्यवस्थेबद्दल याहून कठोर पुरावा सापडणे अवघड आहे.

पैशांची बाजू २०१९ च्या जुलैमध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने मांडली. २०१२ ते २०१८ या काळात जीफोरएसने ब्रुक हाउसच्या कंत्राटातून १ कोटी ४३ लाख पौंडांचा ढोबळ नफा कमावला होता. चित्रणात दिसलेल्या प्रकारांबद्दल कंपनीच्या बिलातून झालेली कपात तीन हजार पौंडांनाही पोचली नाही. कंत्राटात दंड लावण्याच्या बाबी होत्या, पण शिवीगाळ आणि अवाजवी बळाचा वापर त्यात नीट बसतच नव्हता. कर्मचारी कमी पडले तर मोजता येतात. माणसाचा अपमान कोणत्या रकान्यात लिहायचा, याचा विचार कंत्राट लिहिणाऱ्यांनी केला नव्हता.

चौकशी कशी व्हावी यावरही झगडावे लागले. सरकारने ते काम तुरुंग लोकपालाकडे सोपवले होते. त्यांना साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचा अधिकार नव्हता आणि सुनावणी जाहीर होणार नव्हती. ज्यांनी अत्याचार केले ते बोलायला आलेच नाहीत, तर काय? दोन माजी स्थानबद्ध उच्च न्यायालयात गेले. मानवी हक्कांच्या युरोपीय करारातले तिसरे कलम छळाला आणि अमानुष वागणुकीला बंदी करते, आणि अशी चौकशी खरी व्हायची तर ती जाहीर हवी, तिला साक्षीदार बोलावण्याचा अधिकार हवा, असा निर्णय न्यायालयाने जून २०१९ मध्ये दिला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये गृहमंत्री प्रीती पटेल यांनी वैधानिक चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष केट ईव्ह्ज. ब्रिटनमधल्या स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेची वैधानिक जाहीर चौकशी यापूर्वी कधी झालेली नव्हती, आणि ती दोन स्थानबद्धांच्या चिकाटीमुळे झाली.

आयोगाने १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट २०१७ हे पाच महिने तपासले. २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या सुरुवातीला सुनावण्या झाल्या, १९ सप्टेंबर २०२३ रोजी तीन खंडांचा अहवाल आला. एवढ्या छोट्या काळात तिसऱ्या कलमाचा भंग ठरू शकेल अशा वागणुकीचा विश्वासार्ह पुरावा आयोगाला १९ प्रसंगांत मिळाला. वेदना देणाऱ्या पकडी, विवस्त्र किंवा अर्धवस्त्र माणसावर बळाचा वापर, शिक्षा म्हणून एकांतात ठेवणे. पण अहवालाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग डॉक्टरांविषयी आहे. आत्महत्येच्या संशयाबद्दल ३५ व्या नियमाखाली द्यायचा अहवाल त्या पाच महिन्यांत एकदाही दिला गेला नव्हता. त्याच काळात स्वतःला इजा करून घेणाऱ्यांवर आत पाळत ठेवली जात होती. म्हणजे धोका माहीत होता, त्याची नोंदही होत होती. फक्त ती नोंद, माणसाला सोडावे की नाही हे ठरवणाऱ्यापर्यंत जात नव्हती. परिचारिका बळाच्या प्रसंगी हजर असत, पण थांबवण्यासाठी तोंड उघडत नसत.

शिफारशी ३३ आहेत. खोलीत दोघांहून अधिक माणसे नकोत, कोंडून ठेवण्याचे तास कमी करा, ३५ व्या नियमाचे प्रशिक्षण सक्तीचे करा, ४० आणि ४२ या नियमांखाली हुकूम कोण देऊ शकतो ते स्पष्ट करा, तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण द्या. सगळ्यांच्या मुळाशी असलेली शिफारस म्हणजे स्थानबद्धतेला २८ दिवसांची कायदेशीर मर्यादा. ही मागणी नवी नव्हती. संसदेच्या सर्वपक्षीय गटाने ती मार्च २०१५ मध्ये केली होती, मानवी हक्कांच्या संयुक्त समितीने फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि लगेच पुढच्या महिन्यात गृह व्यवहार समितीने. गॅटविकला स्थानबद्धांना भेटायला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाने २०१५ पासून 'रेफ्युजी टेल्स' ही पदयात्रा सुरू केली. तीत स्थानबद्ध राहिलेल्यांच्या कहाण्या लेखक वाटेवरच्या मुक्कामांत ऐकवतात, आणि मर्यादेचे हे म्हणणे गावोगाव जाते.

आयोगाचे म्हणणे पटण्याजोगे आहे, कारण बाकी प्रत्येक सुरक्षा-उपाय काळावर टेकलेला आहे. डॉक्टरचा अहवाल, वकिलाची भेट, जामिनाची सुनावणी, यांना उशीर झाला तरी चालतो, कारण घड्याळच लावलेले नाही. आणि सुटकेचा आकडा पाहिला तर डांबण्याच्या निर्णयावरच प्रश्न उभा राहतो. अलीकडच्या वर्षांत स्थानबद्धतेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांना विमानात बसवले जात नाही, ते ब्रिटनमध्येच जामिनावर सोडले जातात. परत पाठवण्यासाठी धरलेली निम्मी माणसे परत पाठवायची नसतील, तर त्यांचे ते दिवस कशासाठी गेले, याचे उत्तर कोणीतरी द्यायला हवे.

दरम्यान मे २०२० मध्ये कंत्राट सर्को या दुसऱ्या खासगी कंपनीकडे गेले. बदल लगेच दिसला नाही. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात इंग्लिश खाडी छोट्या होड्यांतून ओलांडून आलेल्यांना खास विमानांनी युरोपात परत पाठवण्याची घाई चालली होती आणि स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार वाढले. गृहखात्याने तिथल्या सगळ्याच स्थानबद्धांना अमानुष वागणूक दिली, असे स्वतंत्र देखरेख मंडळाने त्या वर्षीच्या अहवालात लिहिले. पूर्वी ज्या यंत्रणेला काही दिसले नव्हते, तिने या वेळी स्वच्छ शब्दांत सांगितले, याची नोंद घेतली पाहिजे.

सरकारचे उत्तर मार्च २०२४ मध्ये आले. प्रशिक्षण आणि कार्यपद्धतीच्या अनेक शिफारशींशी सहमती दाखवली गेली, २८ दिवसांची मर्यादा नाकारली गेली. मर्यादा घातली तर लोक मुद्दाम वेळ काढतील, असे कारण सरकारे वर्षानुवर्षे देत आली आहेत. आयोगाचा अहवाल येतो न येतो तोच कायदा उलट दिशेला सरकला होता. २०२३ च्या इल्लीगल मायग्रेशन ॲक्टचे १२ वे कलम त्याच महिन्यात लागू झाले. वाजवी काळ किती, हे ठरवताना आता न्यायालयाच्या ऐवजी गृहमंत्र्यांचे मत आधी धरायचे, असा त्याचा अर्थ. हरदियाल सिंग खटल्यातली कसोटी त्याने बोथट केली. नंतर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने २०२५ च्या सीमा सुरक्षा कायद्याने आधीच्या कायद्याचा बराचसा भाग रद्द केला, पण १२ वे कलम ठेवले. कॅम्प्सफील्ड आणि हॅसलर इथली बंद पडलेली केंद्रे पुन्हा उघडून २९० जागा वाढवण्याचा निर्णयही याच सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केला.

चौकशी आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि अहवाल दिल्यावर आयोग विसर्जित होतो. पाठपुरावा करायला अधिकृत असे कोणी उरत नाही. वरिष्ठ सभागृहाच्या एका समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये हा दोष नेमका दाखवला आणि वैधानिक चौकश्यांच्या शिफारशींचे काय झाले, हे पाहणारी संसदेची कायमची समिती नेमावी असे सुचवले. ब्रुक हाउसच्या ३३ शिफारशींचा हिशेब तोवर स्थानबद्धांसाठी काम करणाऱ्या संस्था, देखरेख मंडळाचे स्वयंसेवक आणि न्यायालयात जाणारे वकील ठेवत आहेत.