तुलनेचा वाफा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिवारातून पावसाळ्यात गेलं की सोयाबीन-तुरीचे आखीव वाफे दिसतात. प्रत्येकाच्या तोंडाशी खुंटी, खुंटीवर पाटी. एका वाफ्यात नवं वाण, शेजारी लोकांच्या ओळखीचं जुनं. या जुन्याला इथली पोरं 'चेक' म्हणतात. चेक नसेल तर नवं वाण चांगलं निघालं की त्या साली पाऊसच बरा झाला, हे कळायला मार्ग नाही. कोणतं वाण कुठल्या वाफ्यात पेरायचं, हेही शास्त्रज्ञ आपल्या मनानं ठरवत नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं ते ठरतं, कारण रानाचा एक कोपरा भारी काळा आणि दुसरा मुरमाड असतो. लाडक्या वाणाला काळा कोपरा मिळाला तर निकाल खोटा. भेंडीचं 'परभणी क्रांती' आणि ज्वारीचं 'परभणी मोती' अशा वाफ्यांच्या कसोटीतून शेतकऱ्याच्या हाती आलं.

माणसांवरची औषधचाचणी ही या शेताचीच लेक आहे. इंग्लंडातल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात चिठ्ठ्यांची ही पद्धत शेतीसाठी बसवली. पुढे ऑस्टिन ब्रॅडफोर्ड हिल यांनी ती क्षयाच्या रोग्यांसाठी वापरली. १९४८ साली छापून आलेल्या त्या चाचणीत १०७ रोगी होते. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, ५२ जणांना नुसती अंथरुणातली विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. औषध इतकं तुटपुंजं होतं की सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं. तेव्हा चिठ्ठी टाकणं हीच त्यातल्या त्यात न्याय्य वाटणी, असं हिल यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण औषध तुटपुंजं नसेल तर काय, हा प्रश्न तिथेच राहून गेला आणि पन्नास वर्षांनी तो मराठवाड्यात येऊन उभा राहिला.

परभणीहून नैर्ऋत्येला बीड-लातूरची शिवारं ओलांडली की धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद. त्याला खेटून सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयानं १९८७ मध्ये एक वेगळीच नोंदवही सुरू केली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांत कॅन्सर कुणाला होतो, याची ती नोंद. मुंबईतली नोंद रुग्णालयांच्या कागदांवरून होते. इथे कागदच नव्हते, कारण माणसं रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले, कुणाच्या अंगावर गाठ आहे, कुणाच्या अंगावरून अवेळी जातं, हे विचारत राहिले. त्यातून कळलं की इथल्या बायकांना सर्वांत जास्त गाठणारा कॅन्सर पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा. आणखी एक गोष्ट घडली, जिची कुणी योजना केली नव्हती. नुसतं विचारत फिरल्यानं बायका लवकर दवाखान्यात येऊ लागल्या, दुखणं हाताबाहेर जाण्याआधी.

या पायावर १९९९ मध्ये मोठी चाचणी उभी राहिली. बार्शीचे डॉ. भगवान नेने, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्सच्या लियों शहरातल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन ही त्यातली मुख्य माणसं. पैसा गेट्स फाउंडेशनचा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. हे ५२ वाफेच म्हणा. तेरा गटांत हा कॅन्सर आणणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची तपासणी. तेरांत पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तेरांत पातळ ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. ते लावलं की बिघडलेली जागा पांढरी दिसते. उरलेल्या तेरांत काहीच नाही. तिथल्या बायकांना आजाराची माहिती दिली, दवाखाना कुठे ते सांगितलं, पण तपासलं नाही.

एकूण १,३१,७४६ बायका, वय ३० ते ५९. तपासणीसाठी बोलावलेल्यांपैकी जवळपास ७९ टक्के आल्या. ज्या बाईनं बाळंतपणाखेरीज कधी डॉक्टरला अंग दाखवलं नाही, तिनं सुगीचा दिवस मोडून, काहीही दुखत नसताना, गावच्या शिबिरात येऊन तपासून घ्यायचं, हे सोपं नव्हतं. अशिक्षित बायका येत नाहीत असं शहरात बसून सांगणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

निकाल एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. विषाणू तपासलेल्या गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यांतल्या ३४ या कॅन्सरनं गेल्या. न तपासलेल्या गटात ३१,४८८ बायका, मृत्यू ६४. पसरलेल्या अवस्थेत सापडलेले कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. पॅपच्या गटात ५४ आणि आम्ल लावलेल्या गटात ५६ मृत्यू झाले, म्हणजे फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकेल. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं ते आपल्या कोरडवाहू मुलखात. विषाणू नाही असा निर्वाळा मिळालेल्या बाईला पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाणही बाकीच्या दोन तपासण्यांत निर्दोष ठरलेल्या बायकांच्या जेमतेम पाव होतं.

आता त्या चौथ्या, न तपासलेल्या वाफ्याकडे यावं लागतं.

अमेरिकेतले विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी जाहीर आक्षेप घेतला. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतलं दिंडिगल, अशा तीन चाचण्यांच्या न तपासलेल्या गटांत मिळून २५४ बायका या कॅन्सरनं मेल्या. पॅप तपासणी कित्येक दशकं जगाला ठाऊक असताना त्यांना तपासणीविना का ठेवलं, हा त्यांचा सवाल. संशोधकांचं उत्तर असं, की भारतात तेव्हा कुणाचीच तपासणी होत नव्हती; न तपासणं हीच चालू रीत होती, आणि तिच्याशीच तुलना करायला हवी होती.

या वादात मी दोन्हीकडे ओढला जातो. पॅपनं उस्मानाबादेत ठोस फरक पडला नाही, हे आकड्यांत आहे. म्हणजे पाश्चात्त्य शहरांत चालणारी तपासणी सगळ्यांना सरसकट दिली असती तर समाधान मिळालं असतं, जीव किती वाचले असते ते सांगता येत नाही. आणि हे आपल्याला समजलं ते चौथ्या वाफ्यामुळेच. पण 'चालू रीत' हा युक्तिवाद माझ्या गळ्याखाली उतरत नाही. ती रीत निसर्गानं घालून दिली नव्हती, सरकारच्या हयगयीनं पडली होती. गरिबाच्या हालालाच मापाचा शून्य धरायचं म्हटलं, तर ज्या गावात दवाखाना नाही ते गाव चाचणीला सगळ्यात सोयीचं.

तरीही माझी खरी तक्रार संशोधकांशी नाही, नंतरच्या वर्षांशी आहे. विद्यापीठात जे वाण जिंकतं ते दोन-चार हंगामांत गंगाखेडच्या, पाथरीच्या शेतकऱ्याच्या पाभरीत येतं. चेकच्या वाफ्यातही पुढे नवंच पेरतात. उस्मानाबादेत जिंकलेली तपासणी कुठे गेली? अमेरिकेनं २०१४ मध्ये विषाणूची तपासणी पहिली तपासणी म्हणून मान्य केली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तिलाच पसंती दिली. आपल्या केंद्र सरकारनं मात्र २०१६ च्या मार्गदर्शिकेत ॲसिटिक आम्लाची तपासणी धरली. विषाणू तपासणी महाग, प्रयोगशाळा लागते, हे खरं कारण. पण आम्लाची तपासणी तरी पोचली का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही नव्हत्या.

या दोन टक्क्यांच्या पलीकडे काय होतं, ते शेजारच्या बीडनं दाखवलं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातंय, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, अशी भीती कित्येकींना घातली गेली होती. त्यांच्याच मुलखात, दहा वर्षं आधी, एक तपासणी कॅन्सरचा धोका कुणाला आहे आणि कुणाला नाही हे सांगू शकते असं सिद्ध झालं होतं. ती त्यांच्यापर्यंत आली नाही, शस्त्रक्रियेचं टेबल आलं.

बार्शीचं नाव पुन्हा एकदा आलं ते लसीमुळे. २००९ मध्ये देशातल्या काही केंद्रांत एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, याची चाचणी सुरू झाली; बार्शी आणि पुणे त्यांत होती. २०१० च्या एप्रिलमध्ये, आंध्र आणि गुजरातेतल्या एका वेगळ्या लस-प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि सरकारनं सगळंच थांबवलं. ते मृत्यू लसीनं झाले असं चौकशीत निघालं नाही, पण त्या प्रकल्पात संमती घेण्यात कमालीचा ढिसाळपणा झाला होता, हे निघालं. या थांबण्यानं सुमारे पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की एक डोसही जवळपास तितकंच रक्षण करतो. आज अनेक देशांत एकाच डोसवर भागतं, त्यामागच्या पुराव्यात या अर्धवट राहिलेल्या मुली आहेत.

परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. महाविद्यालय आलं की आज ना उद्या चाचण्याही येतील, आणि याव्यात. कुणी संमतीपत्र पुढे केलं तर घाईनं अंगठा उठवू नका, घाबरून पळूही नका. चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशाच्या चाचणी-नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून तो सक्तीचा आहे. नीतिसमितीची मंजुरी दाखवायला सांगा. इजा झाली तर खर्च आणि भरपाई कोण देणार, हे मराठीत लिहून घ्या. तुम्ही नकार दिलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. आणि एक प्रश्न शेतकऱ्यासारखा विचारा: मी चेकच्या वाफ्यात पडलो, तर निकालानंतर मला काय मिळणार? चाचणीनंतर औषध मोफत देण्याची तरतूद औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत आहे, पण अटींसह, आणि चाचणीत असलेल्या रुग्णापुरती. गावासाठी तशी कुठलीच तरतूद त्यात नाही.