समुद्र नसलेल्या हिंगोलीतून प्रवाळांविषयी थोडंसं 🪸

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून साधारण १०० किलोमीटरवर अरबी समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे, अँग्रिया बँक. सरखेल कान्होजी आंग्रे यांचंच हे नाव! त्याच्या माथ्यावर, वीसेक मीटर खोलीत, जिवंत प्रवाळ आहेत.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, प्राणी. त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतं. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरा पडतो आणि उष्णता टिकली तर मरतो.

काही प्रवाळ मात्र तग धरतात. का? उत्तराचा एक भाग जनुकांत आहे, म्हणून शास्त्रज्ञ प्रवाळ, शैवाल आणि त्यांच्यासोबत राहणारे जिवाणू या तिघांचेही डीएनए तपासतात. समुद्री जीवांच्या जनुकांचा अभ्यास आपल्याकडेही होतो: गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं मार्च २०२१ मध्ये ‘सिंधु साधना’ जहाजावरून हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांच्या जनुकांचा अभ्यास करणारी मोहीम काढली.

समुद्र दूर असला, तरी हिंगोलीची आपली कयाधू नदी पैनगंगेला मिळते आणि पुढे तिचं पाणी गोदावरीतून समुद्रात जातं. म्हणून नदीत प्लास्टिक टाकू नका. आणि बारावी विज्ञानच्या मुलामुलींनो, सागरी जीवशास्त्र हा विषय तुमच्यासाठीही खुला आहे, जरूर विचार करा!