व्याख्येतील फट

शालेय गणितात संच ही कल्पना एका ओळीच्या व्याख्येने अवतरते. महाराष्ट्रात २०१७ साली नववीसाठी जे गणिताचे पुस्तक आले, त्याच्या पहिल्या भागातील पहिलेच प्रकरण संचांचे होते. ज्या समूहात कोणते घटक आहेत आणि कोणते नाहीत हे नेमकेपणाने सांगता येते तो संच, असे विद्यार्थ्याला शिकवले जाते. आठवड्याच्या वारांचा संच होतो. वर्गातील हुशार मुलांचा होत नाही, कारण हुशार कोणाला म्हणावे याविषयी दुमत संभवते. एवढे झाले की विद्यार्थी उपसंच, छेद, संयोग आणि वेन आकृत्या यांकडे वळतो, गुण मिळवतो आणि एक समजूत मनाशी बाळगून शाळेबाहेर पडतो: अट काटेकोर असली की संच तयार होतोच. वस्तुतः ही समजूत चुकीची आहे. आणि ती चूक भल्याभल्यांनी केलेली आहे.

संचांचा विचार परीक्षेसाठी जन्माला आलेला नाही. जर्मनीतील हाले येथील विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या गेओर्ग कँटरपुढे अनंताचा प्रश्न उभा होता. दोन समूह समान आहेत हे कळण्यासाठी ते मोजावेच लागतात असे नाही. प्रत्येक कपाखाली एक बशी असेल आणि एकही बशी उरली नसेल, तर कप व बश्या सारख्याच असल्या पाहिजेत. हीच एकास-एक संगती अनंत समूहांना लावली की नवल घडते. १ ला २, २ ला ४, ३ ला ६ अशी जोडी लावत गेल्यास सर्व नैसर्गिक संख्या आणि त्यांतील केवळ सम संख्या सारख्याच भरतात! मात्र सर्व वास्तव संख्यांची अशी क्रमवार यादी कधीच पुरी होऊ शकत नाही, हे कँटरने १८७४ साली सिद्ध केले. म्हणजे अनंतातही लहानमोठेपणा असतो. बर्लिनच्या क्रोनेकरसारख्या मातब्बर गणितज्ञाला हा विचार मान्य झाला नाही. परंतु तो टिकला.

याच सुमारास येना येथे गोटलोब फ्रेगे अंकगणिताची सारी इमारत शुद्ध तर्कशास्त्राच्या पायावर उभारू पाहत होता. कोणतीही सुस्पष्ट अट घेतली की ती पूर्ण करणाऱ्या वस्तूंचा एक वर्ग असतोच, हे त्याच्या पद्धतीत गृहीत धरलेले होते. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ साली निघाला. दुसरा छापखान्यात असताना, १६ जून १९०२ रोजी, बर्ट्रांड रसेल या तीस वर्षांच्या इंग्रज अभ्यासकाने त्याला एक पत्र लिहिले.

पत्रातील शंका कार्यालयीन भाषेत मांडता येते. एखाद्या कचेरीतील काही नोंदवह्यांमध्ये इतर वह्यांची यादी असते. एखादीत तिचे स्वतःचेही नाव असते, बाकीच्यांत ते नसते. वरिष्ठांचा हुकूम निघतो की, ज्या वह्यांत स्वतःचे नाव नाही अशा सर्व वह्यांची, आणि केवळ त्यांचीच, एक नवी नोंदवही करावी. लिपिक शेवटच्या ओळीशी थबकतो. या नव्या वहीचे नाव तीत लिहायचे की नाही? लिहिले, तर ती स्वतःचे नाव असलेली वही झाली, म्हणून ते खोडले पाहिजे. खोडले, तर ती नाव नसलेली झाली, म्हणून ते लिहिले पाहिजे. लिपिकाला हा हुकूम अशक्य म्हणून परत पाठवता येईल. फ्रेगेला ती सोय नव्हती. ‘जे स्वतःचे घटक नाहीत असे सर्व संच’ ही अट पूर्णपणे काटेकोर होती आणि त्याच्या नियमानुसार तिचा संच असलाच पाहिजे होता. ज्या पद्धतीत एक विधान आणि त्याचा नकार दोन्ही सिद्ध होतात, तिच्यात वाटेल ते सिद्ध करता येते. म्हणजेच काहीच सिद्ध झालेले नसते.

फ्रेगेने २२ जून रोजी, अवघ्या सहा दिवसांत उत्तर पाठवले. त्याने शंका उडवून लावली नाही. रसेलचे म्हणणे खरे असल्याचे त्याने मान्य केले आणि १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडाला परिशिष्ट जोडून ही चूक वाचकांपुढे स्वतःच ठेवली. आयुष्यभराचे काम धोक्यात असताना दाखवलेली ही सचोटी कोणत्याही सिद्धांताइतकीच मोलाची आहे.

१९०८ साली एर्न्स्ट झेर्मेलो याने दुरुस्ती सुचवली. केवळ अटीतून संच निर्माण होत नाही. आधीच सिद्ध असलेल्या एखाद्या संचातून अटीनुसार घटक वेगळे काढता येतात, इतकेच. त्यामुळे ‘सर्व संचांचा संच’ नाहीसा झाला आणि रसेलची कोंडीही सुटली. तथापि पूर्ण निर्धास्तपणा लाभला नाही. अंकगणित सामावून घेणारी आणि नियमांनी बांधलेली कोणतीही पद्धती विसंगतिमुक्त असेल, तर तिच्यात सिद्धही करता येत नाहीत आणि खोटीही ठरवता येत नाहीत अशी विधाने उरतात, हे कुर्ट गोडेल याने १९३१ साली दाखवून दिले.

चौदा वर्षांच्या मुलांना हा गुंता कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. अभ्यासक्रम आधीच जड आहे आणि या शंकेला परीक्षेत गुण नाहीत, हेही खरे. परंतु नोंदवहीचे कोडे सांगायला अर्धा तास पुरतो; त्यासाठी बीजगणिताचे एकही सूत्र लागत नाही. उलट ते न सांगितल्याने गणित म्हणजे वरून उतरलेल्या निर्दोष व्याख्यांचा साठा, असा ग्रह दृढ होतो, आणि व्याख्येलाच प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गात आगाऊ ठरतो. रसेलने नेमके हेच केले होते, आणि फ्रेगेने त्याला आगाऊ म्हटले नाही. संचाचे प्रकरण शिकवताना व्याख्येबरोबर ही गोष्टही फळ्यावर आली, तर ती पाठ करण्याऐवजी तपासून पाहण्याची सवय लागेल. तर्कशास्त्राचा पहिला धडा तोच होय.